हॉल पाचची तक्रार

शारजात, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर,
हॉल पाच : जे रांगेत फार थंडी वाजते.
म्हणून रविवारी मी छताच्या पोटात शिरलो
आणि जाळीच्या फटीतून, तिरकं,
पहिल्यांदा ते हरीण पाहिलं.

काचेचं हरीण. समुद्राच्या तळावरून चाललेलं.
श्वासाची वाफ त्याच्याच छातीवर आतून धरायची
आणि हळूहळू विरायची.
वाळूचा कण न् कण सुटा, प्रत्येकाला स्वतःची सावली.
मी रोज फिल्टरमधून वाळू झटकतो,
ती पिठासारखी असते, नाकात जाते.
अशी वाळू बारा वर्षांत पाहिली नव्हती.
पाना हातातच राहिला.

सोमवारी मधली वीस मिनिटं.
बुधवारी शेवट, तोही अर्धा; डॅम्पर अडकला होता.
बोलणं इंग्रजी, खाली अरबी पट्टी,
दोन्ही मला कामापुरत्याच येतात.
तेव्हा गोष्ट असणार मी न पाहिलेल्या भागात,
असं धरून चाललो.

रात्री दाभोळला फोन.
मुनिरा विचारायची, मग?
मी जोडत गेलो, पाइपाला पाइप जोडावा तसा.
हरणाची आई मीठ आणायला परमुलखात गेलेली.
समुद्रात राहणाऱ्यांना मीठ कशाला, अब्बा?
तेव्हा समुद्र गोडा होता, म्हणालो,
तिनं आणलं म्हणून तर खारट झाला.
मग?
मग तिचा करार होता दोन वर्षांचा. तो वाढला.

शुक्रवारी सुट्टी. पस्तीस दिरहम मोजले,
इस्त्रीचा सदरा घालून मुद्दाम जे रांगेत बसलो.
थंडी बेताची. हे काम माझं.

हरीण चालतं. उजळतं.
एक देवमासा पोटातून चांदणं ओततो,
माणसं आ वासून बघतात, मीही.
मग ते आणखी उजळतं. नाचतं. संपतं.
कुठून निघालं, कुणाकडे, काही नाही.
आईचं नावसुद्धा निघत नाही.
जिथे मी नव्हतो, तिथे नुसता उजेड होता.

दारावर जोसेलिन, चष्मे गोळा करत.
तिला विचारलं, स्टोरी क्या है?
रोज चार शो बघते ती. हसली.
स्टोरी नो, ब्रदर. ओन्ली कलर.

रात्री मुनिराला खरं सांगून टाकलं,
आई नाहीच त्यात.
पलीकडे पंखा ऐकू येत होता. बेअरिंग गेलंय त्याचं,
आलो की बघतो, म्हणालो होतो मागच्या वर्षी.

‘तुला डुलकी लागली असेल, अब्बा,’ ती म्हणाली,
‘तेवढ्यात येऊन गेली असेल ती.’

गारवा होता हॉलमध्ये, मी म्हणालो.
लागली असेल.