तीन सूत

सहा माणसं लागली बॉडी उचलायला.
इराप्पा, त्याचे दोन मेव्हणे, शेजारच्या फाउंड्रीतली दोन पोरं,
आणि नको नको म्हणत असताना स्वतः कुस्तोदियु सर.
चार ड्रमांवर टोपली ठेवावी तशी ठेवली.
खाली जे राहिलं त्याला एमजी कोण म्हणेल?
दोन लांब पेट्या, मध्ये आडव्या नळ्या,
सत्तर वर्षांचं तेल आणि चिखल.

स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, ठोकला नाही,
मागच्या हँगरपाशी मुठीपर्यंत आत गेला.
गंज हातात आला कुंद्यासारखा,
दाणेदार, तपकिरी, जरा ओलसर.
इराप्पानं वासही घेऊन बघितला.

मग ओळंबा.
चारी कोपऱ्यांतून दोरी सोडली, उद्यमबागेतल्या माझ्या फरशीवर
खडूच्या फुल्या मारल्या, कर्ण ताणले.
तीन सुतांचा फरक.
पुन्हा ताणले. तीनच.

माझा बाप वडगावात मागावर बसायचा.
सूत म्हटलं की त्याला धागा दिसे,
मला इंचाचा आठवा भाग.
पण चूक शोधायची तऱ्हा त्याचीच घेतली मी:
डोळा कडेशी न्यायचा, गाल टेकेपर्यंत,
आणि श्वास धरायचा.

"ही कुठं आपटली होती काय, सर?"
"कुठंच नाही."
चहा आला, बशीत ओतला, तसाच राहिला.
मग म्हणाले, "पप्पा एकदा चोर्ल्याहून पहाटे आले होते.
डावा दिवा नव्हता.
ममीला सांगितलं, म्हैस आडवी आली."

डाव्या पेटीवरचं डांबर मी खरवडलं.
म्हैस नव्हे. चौकोनी कोपरा होता आत गेलेला,
मैलाच्या दगडाला असतो तसला.
वर कुणीतरी मारलेलं ठिगळ,
गॅसचं, घाईचं, रात्रीचं.
सर वाकून बघत राहिले.
त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत माझा हँडलॅम्प लोंबत होता.
"कुणाला उठवलं असेल एवढ्या रात्री,"
एवढंच म्हणाले.

नवी चौकट एकवीस दिवसांत उभी केली.
एक टाका इकडे, एक पार तिकडे,
लोखंड तापून मुरडू नये म्हणून.
जुन्या टोकावरचा नंबर तेवढा
करवतीनं कापून घेतला, बिस्किटाएवढा तुकडा,
नव्याच्या कपाळावर जोडला.
कर्ण दोन्ही सारखे. केसाचा फरक नाही.
इराप्पानं स्वतः मोजलं, म्हणाला, "आयतु."

पुन्हा सहा माणसं.
बोल्ट बसले सगळे.
डावं दार लागेना.

खानापूरहून नारू मेस्त आला, मोटारसायकलला करवत बांधून.
दाराच्या लाकडावरून त्यानं अंगठा फिरवला, दोनदा.
"वाकड्यावर बसून बसून शिकलंय हे.
तू खालून सरळ केलंस की गा, त्याला विचारलंस?
रंधा मारतो म्हणशील तर. पण दार दुसरंच होईल."

रंधा राहू दे, म्हटलं.
भंगारात टाकलेल्या जुन्या चेसीला हात घातला,
मधल्या नळीजवळचा एक शाबूत तुकडा काढला, तासला,
डाव्या बोल्टाखाली पॅकिंग म्हणून सरकवला.
तीन सूत.

लागलं. एका बोटानं.

मला सरळच काम येतं, तसं नाव आहे माझं.
कुणी टेप घेऊन आलं तर चौकट आजही दाखवीन.
पॅकिंगचं विचारलं तर बिलात लिहिलंय:
एक नग, जुना.

सर बसले, हातरुमाल मानेभोवती खोचून.
वाटलं, कॅम्पाकडं वळतील, घरी.
जांबोटीच्या रस्त्याला लागले.
भर दुपारी डावा दिवा चालू,
इराप्पा मागून धावतोय,
"सर, लाइट! लाइट, सर!"