पाल नसलेल्या देशात

अकरा फ्रेम, नेरिस म्हणाली.
चौदा केल्या तर लोकांना कळेल,
आठ केल्या तर कुणालाच दिसणार नाही.
अर्ध्या सेकंदाहून काकणभर कमी:
हीटरवर वाळत पडलेला हातमोजा,
एकच.
दुसरा शेवटी सापडायचा आहे,
सेव्हर्नच्या चिखलात, ओहोटीला.

ब्रिस्टलमध्ये सायकलच्या दुकानावर आमची खोली.
खाली चाकांत हवा भरू लागले की
आमच्या पायांखालची जमीन गुणगुणते.
टेबलावर तीन मग. नेरिसचा, कान तुटलेला.
माझा.
आणि साउंडवाल्या डेरेकचा,
ज्याच्या चहात चमचा उभा राहील इतकी साखर.

मी सांगितलं, आमच्याकडे हे काम पाल करते.
भिंतीवर असते, फुकटात.
कुणी बोलता बोलता ती चुकचुकली
की मिरजेची मावशी बोटानं जमिनीवर
तीनदा टकटक करायची
आणि पुढचं वाक्य गिळून टाकायची.
नेरिस हसली. इथल्या भिंती थंड,
जन्मभर गप्प बसतात.
म्हणून पगारावर माणसं ठेवतात
चुकचुकायला.

डोळ्याला दाखव, ती म्हणायची,
माणसाला दाखवू नकोस.
मग मी पहिल्या न्याहारीत दोन अंडी ठेवली,
होडीच्या दोराची गाठ ठेवली, सैल,
तिच्यावरून कॅमेरा उगाच गेल्यासारखा.

टेक चारमध्ये डेरेक खोकला.
टेक सातमध्ये पुन्हा.
किनाऱ्यावरची हवा, म्हणाला,
आणि स्वतःच तो खोकला पुसायला बसला.
प्रत्येक खोलीची शांतता तो वेगळी भरून आणायचा:
तीस सेकंद, सगळे जागच्या जागी उभे,
कुणी गिळायचंसुद्धा नाही.
त्यातला एक तुकडा त्यानं खोकल्यावर असा बसवला
की सांधा मलाही सापडेना.
मी म्हटलं, वा.

फेब्रुवारीत क्लीव्हडनला बेचाळीस माणसांना
सिनेमा दाखवला.
हातमोजा कुणी पाहिला? एकही हात वर नाही.
गाठ? नाही.
मग मागून एक म्हातारा, निवृत्त पोस्टमन:
मला तर केव्हाच कळलं होतं.
जिन्याखालच्या खुंटीवर त्याचा कोट नव्हता ना, तेव्हाच.

आम्ही परत जाऊन पाहिलं.
खुंटी खरंच रिकामी.
कोट त्या दिवशी बटण लावायला गेला होता,
परत टांगायचा राहून गेला.
चूक. शुद्ध, ढळढळीत, माझ्या नजरेतून सुटलेली.
राहू दे, नेरिस म्हणाली,
आपणच केलं म्हणू.
गाडीत आम्ही दोघी पुलापर्यंत हसत होतो.
मागच्या सीटवर डेरेक झोपलेला,
मफलर नाकापर्यंत.

एका समीक्षकानं नंतर त्या खुंटीवर
अख्खा परिच्छेद लिहिला.
आम्ही तो भिंतीवर लावला.

काल डिस्क रिकामी करायची म्हणून
कच्चे ट्रॅक उघडले.
टेक चार. टेक सात.
टेक नऊ, जिथे खोकला नाहीच,
फक्त तो दाबून धरलेला श्वास,
आणि त्यामागे दूर कुठेतरी सीगल.
तारखा लावून पाहिल्या. सप्टेंबरपासून.
अकरा फ्रेम कसल्या,
दोन-दोन सेकंद, पूर्ण, स्वच्छ,
हेडफोन लावलेल्या माझ्या कानांत.

खाली कुणी चाकात हवा भरत होतं.
नेरिसनं दोन मग आणून ठेवले.
मी टेबलावर बोटानं टकटक केलं,
तीनदा, वाक्य कुठलंच नसताना.
काय झालं, तिनं विचारलं.
काही नाही.
साखर आहे का बघत होते.

आहे की, ती म्हणाली.
मार्चपासून डबा भरलेलाच आहे.