पंपरूम, बी विंग

सकाळी दहा-चाळीसला इंटरकॉम वाजतो:
"वॉचमन, पंपरूममध्ये कोब्रा आहे."
इथं निघणारा हरेक साप कोब्रा असतो,
आणि पाड्यावरून येणारा हरेक माणूस
मामा.

मी काठी घेत नाही, टॉर्च घेतो.
मोटारीमागं, कोमट पाइपाला लगटून
सात फुटांची धामण,
पिवळट, शेपटीकडं काळ्या जाळीची,
नुकतंच काहीतरी गिळलेली. पोट सांगतंच.

जिन्यात एकोणीस मोबाइल उभे.
सेक्रेटरी विचारतात, "तुमच्यात मंत्र असतो ना?"

आमच्यात.
आमच्यात बारकी आत्या होती.
तिच्या कणगीखाली एक धामण राहायची,
आम्ही ओरडलो की ती म्हणायची,
"गप बसा रे, उंदरांचा हिशोब चाललाय तिचा."
खालच्या तबेल्यातला रामसुमेर मात्र
गळ्याला हात लावून सांगायचा,
ती म्हशीच्या पायांना विळखा घालते न् सड पिते.
दूध कमी निघालं तर धामणीनं प्यायलं,
पातळ निघालं तरी धामणीनंच.
आणि शेपटीचा फटका बसला तर
अंग झडतं, हे तर
दोघांनाही मान्य होतं.

आम्ही काही साधू नव्हतो.
बापानं घोरपड धरली की
पाड्यावर वाटे पडायचे,
चरबी बाटलीत, आजीच्या गुडघ्यांसाठी.
चिंबोऱ्यांच्या बिळात हात घालताना
काका घोणशीला चुकला नाही;
त्याचं एक बोट कायमचं वाकडं झालं,
आणि त्या वर्षी बांधावर जे जे सरपटलं
ते ते ठेचलं आम्ही.
एकदा शेणखताच्या ढिगात मऊ, निळसर काही सापडलं,
डोळे नसल्यासारखं, गांडुळाहून जाड.
मी दगड घातला.
आत्या उशिरा पोचली, म्हणाली,
"अरे, देवगांडूळ होतं ते. बेडकाच्या गोतातलं.
त्याला चावायला तोंड तरी दिसलं का तुला?"
तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.
अजून शेण कालवताना आधी बघून घेतो.

"असतो की मंत्र," मी सेक्रेटरींना म्हणालो.
आणि ओठ हलवत, डोळे अर्धे मिटून,
बी विंगच्या पाण्याच्या वेळा म्हटल्या:
सहा ते साडेसात, बारा ते साडेबारा,
रविवारी टाकी धुणे.
मोबाइल एक पायरी मागं सरकले.
तेवढीच जागा हवी होती.

अकराशे चारच्या बाईंनी उशीची खोळ दिली,
जांभळ्या फुलांची,
"परत आणू नका" म्हणून.
शेपटीकडून उचलली. तिनं फुत्कारून पाहिलं,
मनगटावर दात उमटवले, मोहरीएवढे चार थेंब,
मग जडशीळ होऊन खोळीत उतरली.

गेटवरच्या वहीत नोंद लागते.
नाव: धामण. वेळ: अकरा-वीस, बाहेर.
कुणाकडे आली होती, हा रकाना
मी कोरा सोडला.
पंपरूम आहे तिथं आत्याचं खाचर होतं
की त्याच्या वरचं, वरठ्यांचं,
मला नीट सांगता येत नाही.
उंबरापासून पावलं मोजली असती.
उंबर नाही.

नाल्यापलीकडं खोळ उलटी केली.
ती थांबली नाही, वळली नाही,
कारवीत शिरली, आणि कारवी
थोडा वेळ हलत राहिली.
बेडूक गप्प झाले.
मग एक धीट निघाला.

मनगट बघून आत्या हसली,
"बिनविषारी चावली, तर बांगडी भरली म्हणतात."
असं कुणी म्हणत नाही. तिनं तेव्हाच रचलं असावं.
मग हळद लावली तिनं.
खोळ धुतली, दोरीवर वाळवली,
आणि पुढच्या पेरणीचं भात
त्यात बांधून
आढ्याला टांगून ठेवलं,
उंदरांपासून लांब.