समेच्या अर्धी मात्रा आधी

कॅमेरा कुडाळच्या एका लग्नवाल्याकडून घेतला,
दोन हप्त्यांत. दुसरा अजून बाकी.
पट्ट्यावर त्याच्या बंद पडलेल्या दुकानाचं नाव: सोनल.
तेव्हापासून आचऱ्यापासून कुणकेश्वरपर्यंत
प्रत्येक मांडवात मी सोनल.
"गो सोनल, बुवांचो एक काड बगू."
सुरुवातीला नाव दुरुस्त करायचे. आता मान वर करते.

पहिल्या डबलबारीला नऊशे बारा फोटो.
आठशे काळे.
उरलेल्यांत बुवांचं तोंड उघडं नि डोळे मिटलेले,
नाहीतर माइकची दांडी
कपाळातून उगवल्यासारखी.
मांडववाल्याचे दिवे लाल, हिरवे, जांभळे;
एका अभंगात माणूस तीनदा आजारी पडून बरा होतो.

कमिटीवरचा उत्तम लाड म्हणाला,
पैशांचा मागसून बघू, आधी नाव तर होऊ दे.
एक नारळ दिला, आणि चहाचं कूपन.
नारळ मोठा होता, हे मान्य.

भिवा मेस्त्री पखवाजावर.
बारीच्या आधी कोपऱ्यात बसून कणीक मळतो,
डाव्या पुडीवर थापतो, ऐकतो,
चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो.
बॅनरवर त्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा.
मी विचारलं, थाप दर वेळी का हुकते माझी?
हात येतो तो उचललेला, नाहीतर पडून गेलेला.
तो हसला नाही.
"तू आयकतस आणि मगे दाबतस.
आयकलंस म्हणजे उशीर झालो.
मोजूक शीक."

त्या रात्री दोन तास फोटोच काढले नाहीत.
मांडीवर बोटं. आठ मात्रा, पुन्हा आठ.
शेजारची बाई म्हणाली, बॅटरी गेली काय गो?

अडीचच्या सुमाराला गजर चढला,
झांजा तापल्या, अख्खा मांडव पुढे झुकला
आणि समेच्या अर्धी मात्रा आधी
मी बोट दाबलं,
काही न ऐकता,
अंधारात पायरी असणारच म्हणून पाय टाकावा तसं.

बुवा अर्धे कापले गेलेत.
दिवा नेमका हिरवा.
पण हात पुडीला टेकायला केसभर बाकी,
आणि कणकेचा एक कण हवेत.

भिवाने कॅमेरा हातभर लांब धरून पाहिला.
चष्मा घरी होता.
"हात माझोच. पण असो कधी बघूक नाय."
मग थोडं थांबून,
"छापून कितक्याक?"
चाळीस, म्हटलं. पन्नासची नोट दिली
आणि दहा रुपयांसाठी उभा राहिला.
सुटे नव्हते. अजून देणं आहे.

उजाडताना त्याने पुडीवरची कणीक
नखाने खरवडली, गोळा करून
देवळामागच्या कुत्र्याला टाकली.
रात्रभराचा घुमार त्या गोळ्यात होता.
मी फोटो घेतला.
कुत्रं हललं.
मोजलं नव्हतं मी.