गाव कोणतं?

पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर, रविवार कारंजाजवळ,
पांढऱ्या फळ्यावर मी तीन चौकोन काढलेत:
नाशिक, पिंपळगाव, सुरगाणा.
चव्वेचाळीस हजार खाती.
कुणाचं पान कुठे ठेवायचं
ते सोमवारपर्यंत ठरवायचंय.

इरफान म्हणतो, खातेक्रमांकाला तिनाने भाग,
उरलेली बाकी सांगेल घर.
सरळ आहे. कुठलाच सर्व्हर घामाघूम होत नाही,
कुठलाच डुलक्या काढत नाही.
पण एका चुलीवर जेवणारी गावितांची चार पासबुकं
तीन गावांत पंगतीला बसतात.

मग शाखेप्रमाणे ठेवू.
ठेवलं. कांद्याच्या लिलावाला पिंपळगाव तापून लाल,
आणि सुरगाणा पायरीवर बसून विडी ओढतंय.

दुपारी मुकुंदगुरुजी आले, पासबुकाने वारा घेत.
"तुमचं ते चक्र फिरतंय पोरी, अर्धा तास झाला.
माझ्याकडे पाचोऱ्याचा माणूस येतो,
रामकुंडात तिसरी बुडी मारून तो वर येईस्तोवर
मी त्याचा खापरपणजा काढून ठेवलेला असतो."
कसा?
"गाव कोणतं, आडनाव कोणतं. संपलं.
आमच्यात गावं वाटलेली. पाचोरा माझा,
जामनेर पलीकडच्या गल्लीत.
चुकून दुसऱ्या दारात गेलास तरी
तिथला बोट दाखवतो."

आणि पूर आला की?
"दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की वह्या माळ्यावर.
त्याहून वर गेलंच, तर दुसरी प्रत त्र्यंबकला, मेहुण्याकडे."
दोन प्रतींत फरक पडला तर?
गुरुजींनी पासबुक मिटलं.
"आहे तसं एक घर.
माझ्या वहीत मुलगा आहे, त्याच्या वहीत नाही.
मेहुणा भेटला की आम्ही पावसापाण्याचं बोलतो."

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, उगाच.
ओटीवर लाल बासनांची उतरंड, डांबरगोळ्यांचा वास.
"गाव?"
करंजठाण.
बासनाकडे गेलेला हात मध्येच थांबला.
"ते तर धरणात गेलं ना गं?"
गेलं. बाबा सातवीत होते.

तरी वही निघाली.
आज्याचा अंगठा, शाई फुटलेला.
खाली बाबांची सही, निळ्या बॉलपेनची,
मला कधी न सांगता केलेली.
बाजूला चुलत्यांची नावं, सगळी गावातली,
त्यांच्या ओसऱ्यांवर आता मासे फिरतात.
गाव पाण्याखाली. पान कोरडं.

"तुला कुठे लिहू?
लग्न झालं असतं तर सासरचं गाव विचारलं असतं.
राहतेस इंदिरानगरला, तेही भाड्याने.
इंदिरानगर काही गाव नाही."
इथेच लिहा, मी म्हणाले.
त्यांनी टोपण काढलं, मग तारीख विचारली,
मग मला चहा.

सोमवारी फळ्यापाशी मी रंगू गावितचं नाव घेतलं.
खातं सुरगाण्याचं.
दिवाळी झाली की ती द्राक्षांच्या डिपिंगला
पिंपळगावच्या बागेत येते, होळीला परत जाते.
मधले चार महिने तिने दोनशे रुपये मागितले
की निरोप घाट चढतो, घाट उतरतो,
आणि रेंज गेली की मध्येच कुठेतरी बसतो.
पान तिच्यामागे न्यायचं, मी म्हणाले,
सुरगाण्यात फक्त एक चिठ्ठी ठेवायची:
इथे नाही, पिंपळगावला विचारा.

इरफानने पेनाचं टोपण चावलं.
"हलवायला खर्च आहे."
आहे.
"आणि यंदा ती दिंडोरीलाच थांबली तर?"

मी फडकं घेतलं.
चौथ्या चौकोनाला फळ्यावर जागा नव्हती.