आगरवाड्यात तीन दिवस

वाळवंट बघायचं राहून गेलं.
तिकिटं रद्द, तुझ्या गुडघ्याला सूज,
म्हणून मग हे: एप्रिलमधलं आगरवाडा,
जिथं उंट नाही, लॉज नाही,
म्हाबळू शेटगांवकरांची एक खोली
आणि खिडकीबाहेर पांढरे चौकोन, दूरवर.

"बघण्यासारखं काय आहे इथं?"
म्हाबळू म्हणाले, "ऊन."

मग आम्ही ऊन बघितलं.
सकाळी ते बांधावर उभं असतं
शेकाट्याच्या पायांसारखं गुलाबी,
अकराला खाऱ्या पाण्यावर साय धरतं,
दोनला त्याच्याकडे कुणी बघूच नये.
तेव्हा दार लावून कोकमाचं सरबत प्यायचं,
जुन्या भांडणांपैकी एखादं काढायचं,
अर्ध्यातच झोपायचं.

संध्याकाळी मात्र कामं पुष्कळ:
चपला हातात घेऊन मिठागरातून चालायचं,
मीठ ओढतानाची करकर ऐकत थांबायचं,
चिमूटभर उचलून चाटून बघायचं.
तू चाटलंस, तोंड वाकडं केलंस,
पुन्हा चाटलंस.

तिसऱ्या दिवशी म्हणालास,
वाळूच्या टेकड्यांमागे सूर्य जातो तेव्हा म्हणे
माणूस एवढासा होतो.
मी मिठाच्या ढिगाकडे पाहिलं.
कमरेइतका उंच.
सूर्य त्याच्याआड गेलाच होता,
त्याला तेवढा पुरला.

निघताना पाच किलो घेतलं.
"पावस पडलो की हें सगळें उदक,"
म्हाबळू म्हणाले, पैसे न मोजता खिशात घालत.

घरी तोललं तर साडेचारच भरलं.
ओलं होतं गं, तू म्हणालास,
वाटेत वाळलं.