सत्तेचाळीस नंबरची बरणी

परळच्या तळमजल्यावर, फॉर्मॅलिनच्या वासात
माझी सव्वीस वर्षं मुरली.
सत्तेचाळीस नंबरच्या बरणीचं लेबल कधीच गळून पडलंय,
रजिस्टरचं ते पान वाळवीनं नेलं.
म्हाप्रळकर म्हणतात, बाईचाच मेंदू, बघा ना कसा नीटस.
नीटस ते सगळं त्यांना बाईचं वाटतं,
स्वतः इस्त्री केलेला खिशातला रुमाल सोडून.

आज पोरांनी पैज लावली. हरेल त्यानं कटिंग पाजायचा.
मी तो ओंजळीत घेतला, निथळू दिला, तोलला.
बाराशे सत्तर ग्रॅम.
पुरुषांचा सरासरीनं जड, बायकांचा हलका:
पुस्तकात आहे, आणि खोटं नाही.
पण बरणीत सरासरी मावत नाही हो,
बरणीत एकच कुणीतरी मावतं.

कपाडियाबाईंनी एकदा सांगितलेलं,
उंदराच्या पिलात नराचं हार्मोन मेंदूत शिरतं,
तिथं त्याचं मादीचं होतं,
आणि तेच पिलाला नर करतं.
त्या दिवशी म्हाप्रळकर कुणाशी बोलले नाहीत.

बरणी ठेवते न ठेवते तोच
माझ्या छातीतून मानेवर जाळ चढला.
एसी अठरावर. पोरं स्वेटरात.
हा घाम कातडीचा नाही, मला ठाऊक आहे कुठला;
सुरीनं कितीदा उघडलीय मी ती जागा,
बदामापेक्षा थोडी मोठी, मेंदूच्या बुडाशी.
माझ्यातली हल्ली आग नसताना
बंब बोलावते.

नवं लेबल लिहिलं. नंबर, वजन, तारीख.
लिंग, या शब्दापुढं पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं,
शाईचा ठिपका पसरला.
तोच राहू दिला.
पैज कुणी जिंकलं नाही, चहा मीच पाजला.

रात्री दोनला काळाचौकीच्या खोलीत
मी फ्रिज उघडून नुसती उभी.
मागून निहार आला. पंधरावं लागलंय,
'आई' म्हणताना त्याच्या घशात
दोन माणसं एकमेकांना ढकलतात.
त्याच्यात कुणी नळ सोडलाय,
माझ्यात कुणी बंद करतंय,
आणि दोघांनाही विचारलेलं नाही.
वाटलं सांगावं त्याला काहीतरी, मेंदूबद्दल, त्याच्या, माझ्या.
तो म्हणाला, सरक ना जरा,
दही कुठं ठेवलंयस?